दाराच्या आंत कोण आणि बाहेर कोण?

चित्रपट ही पाहण्याची वस्तु आहे, शिकण्याची नव्हे, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनहि आढळतो. मुलगा एखादें नाटक पुन्हां पुन्हां वाचीत बसला तर वडिलांना बरें वाटतें. तोच मुलगा एखादा चित्रपट तिसऱ्यांदा पाहूं लागला, कीं 'आतां पुरे रे' असा आवाज आंतून येतो. मी गेलीं कित्येक वर्षें महाविद्यालयांतील मुलामुलींना चित्रपट कसा पाहावा हें शिकवीत आलों आहें, आणि तिसऱ्यांदा पाहणें ही माझ्या वर्गाची पहिली अट आहे. त्या वर्गांत काय चालतें, आणि तें चालूं शकतें यामागें केवढा योगायोगाचा इतिहास आहे, हें आज आपणांस सांगावें असा विचार आहे.

नव्या विद्यार्थ्यांना एकदम मोठ्या चित्रपटाकडे नेऊं नये असें माझें मत आहे. तीन तासांच्या कथेंत मूल बुडून जातें. त्याला कथा दिसते, ती सांगण्याची रीत दिसत नाहीं. त्यापेक्षां एकाच दिग्दर्शकाचे चार-पांच लहान चित्रपट, प्रत्येक पंधरा मिनिटांच्या आंतबाहेरचा, एकापुढें एक ठेवावे. कवीच्या वहींतील खाडाखोड पाहिली म्हणजे कविता कशी घडली तें जसें कळतें, तसेंच कांहींसें येथें होतें. या कामाला डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ या अमेरिकन दिग्दर्शकाइतका सोयीचा माणूस मला दुसरा सांपडला नाहीं. सोयीचा म्हटलें, आवडता म्हटलें नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

ग्रिफिथ मूळचा रंगभूमीवरचा नट, आणि तोहि फारसें नांव न झालेला. १९०८ सालीं न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरील बायोग्राफ कंपनींत त्याच्या हातीं दिग्दर्शन आलें, आणि १९१३ सालीं ती कंपनी सोडीपर्यंत त्यानें सुमारें ४५० लहान चित्रपट काढले. बहुतेक एका रिळाचे, म्हणजे सुमारें हजार फूट लांबीचे. कॅमेऱ्यामागें बहुधा बिली बिट्झर असे. आठवड्याला एखाददुसरा चित्रपट पुरा करून द्यायचा, तेच नट, तीच वाड्याची दिवाणखान्याची जागा, त्याच त्या कथा फिरवून फिरवून घ्यायच्या, असा तो कारखाना होता. पण कारखाना होता म्हणूनच तुलना होते. एकच प्रसंग तोच माणूस १९०९ सालीं एका रीतीनें सांगतो आणि १९१२ सालीं निराळ्या रीतीनें सांगतो. मधला फरक तेवढा भाषेचा उरतो.

आतां हे चित्रपट उरले कसे, ती हकीकत मोठी मजेची आहे. त्या काळची फीत नायट्रेटची. ती आपोआप कुजते आणि पेटली तर विझत नाहीं. पडद्यावरून उतरलेला चित्रपट जपून ठेवण्यांत कोणास नफाहि दिसत नव्हता. पण अमेरिकेच्या जुन्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत चित्रपट हा शब्दच नव्हता; छायाचित्र मात्र होतें. तेव्हां कंपन्यांनीं युक्ति काढली. सबंध चित्रपट कागदाच्या लांब पट्टीवर छापून, एक एक छायाचित्र म्हणून, त्यांनीं वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत नोंदवला. १८९४ पासून ही रीत चालू होती. १९१२ सालीं कायदा सुधारला, चित्रपटांना स्वतंत्र हक्क मिळाला, आणि कागदाची गरज संपली. गुंडाळ्या तशाच तळघरांत पडून राहिल्या. मालकांना त्या नको होत्या, म्हणून त्या वांचल्या, असेंच म्हणावें लागतें. पुढें हॉवर्ड वॉल्स नांवाच्या ग्रंथालयांतील गृहस्थांनीं त्यांचें मोल ओळखलें, आणि केम्प नायव्हर या एके काळच्या पोलीस अधिकाऱ्यानें १९५० नंतरचीं अनेक वर्षें खर्चून कागदावरचें एक एक चित्र पुन्हां फितीवर उतरवलें. असे तीन हजारांवर चित्रपट मिळाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें १९३५ सालीं चित्रपट-विभाग काढला होता. तेथें आयरिस बॅरी या विदुषीनें बायोग्राफच्या मूळ फिती मिळविल्या आणि १९४० सालीं ग्रिफिथवर पुस्तक लिहिलें. दोन ठिकाणच्या या दोन ठेवी नसत्या, तर माझ्या वर्गांत फळ्याखेरीज दाखवायला कांहीं नव्हतें. आज तेच चित्रपट विद्यार्थ्याच्या खिशांतल्या फोनवर दिसतात, ही गोष्ट मी दरवर्षीं पहिल्या तासाला मुद्दाम सांगतों. मुलांना तिचें नवल वाटत नाहीं, मला अजून वाटतें.

मी पहिला चित्रपट दाखवितों तो 'द लोनली व्हिला', साल १९०९. एका आडबाजूच्या घरांतील गृहस्थाला चोरटे खोटी चिठ्ठी पाठवून घराबाहेर काढतात. आंत त्याची बायको आणि तीन मुली. चोरटे दार फोडतात. बायका पुढच्या खोलींत पळून दाराशीं सामान रचतात. तेंहि दार फुटतें. तिकडे गृहस्थाची मोटार वाटेंत बंद पडलेली असते. तो सहज घरीं टेलिफोन करतो आणि त्याला सगळें कळतें. मग तारा तोडल्या जातात, आणि तो मिळेल त्या घोडागाडीनें घराकडे धांवतो. पडद्यावर कधीं घर, कधीं रस्ता, पुन्हां घर, पुन्हां रस्ता. पन्नासच्या वर तुकडे आहेत. तुकडा म्हणजे चित्रपटवाले ज्याला शॉट म्हणतात तो. माणसें मात्र जवळजवळ सर्वत्र डोक्यापासून पायांपर्यंत दिसतात, नाटकांत पहिल्या रांगेंतून दिसावींत तशीं.

हें कथानक ग्रिफिथचें नव्हतें. पॅरिसमध्यें या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीं आंद्रे द लॉर्द याचें एक नाटक गाजलें होतें. त्यांत नवरा टेलिफोन कानाशीं धरून उभा असतो आणि दूरच्या घरांत आपल्या माणसांची हत्या होतांना ऐकतो. त्याला कांहीं करतां येत नाहीं. १९०८ सालीं पाथे कंपनीनें अशाच कथेवर फ्रान्समध्यें चित्रपट काढला, आणि त्यांतहि घर व रस्ता असे आलटून पालटून येतात. त्यांत नवरा वेळेवर पोंचतो. नाटकाला जें शक्य नव्हतें तें चित्रपटाला शक्य झालें: प्रेक्षक दोन्ही जागीं एकाच वेळीं असूं शकतो, आणि म्हणून 'पोंचेल कीं नाहीं' ही धाकधूक त्याच्या एकट्याच्या वांट्याला येते.

दुसरा चित्रपट १९११ चा, 'द लोनडेल ऑपरेटर'. आडरानांतलें रेल्वे स्टेशन. तारमास्तरची तरुण मुलगी बापाच्या जागीं कामावर बसते. गाडीनें पगाराच्या पैशांची थैली येते आणि तिच्यामागोमाग दोन भटके. ती दार लावून घेते, पुढच्या स्टेशनाला तार करते; तेथला तारमास्तर डुलक्या घेत असतो, तो जागा होतो, आणि तिचा प्रियकर इंजिन घेऊन धांवतो. भटके आंत शिरतात तेव्हां दिवा मालवलेला आहे. त्या काळीं अशा जागीं फीत निळ्या रंगांत बुडवीत. निळा म्हणजे रात्र. त्या निळ्या अंधारांत मुलगी कांहींतरी चकाकतें त्यांच्यावर रोखून उभी राहते, आणि ते पिस्तुलाच्या धाकानें थिजतात. सुटका झाल्यावर कॅमेरा एकदम जवळ जातो आणि आपल्याला दिसतें कीं तिच्या हातांत पिस्तूल नव्हतें. नटबोल्ट फिरवायचा साधा पाना होता.

तिसरा १९१२ चा, 'द गर्ल अँड हर ट्रस्ट'. पुन्हां स्टेशन, पुन्हां तार, पुन्हां दोन भटके. पण आतां मुलगी दाराआड नुसती थांबत नाहीं. ती बंदुकीचें काडतूस कुलपाच्या भोंकांत बसविते आणि कात्रीचें टोंक लावून वरून ठोकते. गोळी दारापलीकडे उडते. येथेंहि कॅमेरा जवळ जातो, पण तो आधीं जातो. काडतूस भोंकांत शिरतांना आपण पाहतों. काय होणार तें आपल्याला ठाऊक असतें, बाहेरच्यांना नसतें. मग भटके पेटी घेऊन रुळांवरच्या ट्रॉलीनें पळतात, मुलगी पेटी सोडीत नाहीं, इंजिन पाठलागाला लागतें, आणि कॅमेरा स्वतःच त्याच्या शेजारून धांवूं लागतो.

माझ्या वर्गाचा मुख्य धडा या दोन समीप-दृश्यांत आहे. पाना आणि काडतूस, दोन्ही हाताएवढ्या वस्तु, दोन्ही पडदाभर दाखवलेल्या. एका वर्षाच्या अंतरानें त्याच दिग्दर्शकानें त्याच युक्तीचा उपयोग उलटा केला. पहिल्या वेळीं त्यानें वस्तु आपल्यापासून लपवली आणि अखेरीस चकित केलें. दुसऱ्या वेळीं ती आधींच दाखवून आपल्याला मुलीच्या कटांत सामील करून घेतलें. 'समीप-दृश्याचा उपयोग काय' असा प्रश्न परीक्षेंत आला, तर एका ओळीचें उत्तर लिहिणाऱ्याला मी गुण देत नाहीं. कोणत्या चित्रपटांतलें समीप-दृश्य, आणि त्या क्षणीं कोणाला काय ठाऊक आहे, हें विचारल्यावांचून उत्तर नाहीं.

येथें एका भ्रमाचा निकाल लावला पाहिजे. १९१३ च्या डिसेंबरांत ग्रिफिथनें न्यूयॉर्कच्या एका नाट्यपत्रांत मोठी जाहिरात दिली आणि समीप-दृश्य, दूर-दृश्य, मागेंपुढें जाणारी कथा वगैरे सर्व आपणच आणलें असें जगाला सांगितलें. पाठ्यपुस्तकांनीं तें पुष्कळ दिवस खरें मानलें. पण इंग्लंडांत जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यानें १९०० सालींच आजीच्या भिंगांतून घड्याळ, पक्षी आणि आजीचा डोळा पडदाभर दाखवला होता. १९७८ सालीं ब्रायटन येथें चित्रपट-संग्रहालयांच्या लोकांनीं १९०० ते १९०६ या काळांतले पांचशेंवर चित्रपट एकत्र बसून पाहिले, तेव्हां 'पहिला कोण' हा वादच फिका पडला. अमेरिकेच्या एडविन पोर्टरचा १९०३ चा अग्निशामकांचा चित्रपट तर फारच शहाणपण शिकवतो. त्याच्या एका प्रतींत खोलीचा आंतला आणि बाहेरचा भाग आलटून पालटून येतो, म्हणून पोर्टरला समांतर जोडणीचा जनक म्हणत. कागदावरची प्रत पाहिली तर सुटका आधीं सबंध आंतून दिसते, मग तीच सबंध बाहेरून. आलटापालट नंतर कोणीतरी कात्री चालवून केलेली होती. तेव्हां माझ्या वर्गांत 'पहिला' हा शब्द वापरणाऱ्यास चहा पाजावा लागतो. 'निराळा' म्हणा, 'आधींपेक्षां अधिक' म्हणा, कोणाशीं ताडून म्हणतां तें सांगा.

असें असलें तरी पुष्कळ वर्षें माझी स्वतःची शिकवण्याची पद्धत मोजणीची होती. मुलांनीं वह्यांत चौकोन आंखायचे, एका तुकड्याला एक चौकोन. १९०९ चे इतके, १९११ चे सुमारें शंभर, १९१२ चे त्याहूनहि अधिक. फळ्यावर चढता आलेख निघे आणि मला मोठें समाधान वाटे. एके वर्षीं या तीन चित्रपटांना जोडून मीं 'अ कॉर्नर इन व्हीट' दाखवला. हाहि १९०९ चाच. गव्हाचा सट्टेवाला बाजार ताब्यांत घेतो. पांच सेंटांचा पाव दहा सेंटांवर जातो. एकीकडे त्याची मेजवानी, दुसरीकडे पावाच्या दुकानापुढची रांग. रांगेंतले लोक इतके निश्चल उभे आहेत कीं तें छायाचित्रच वाटावें. तीच आलटापालट, पण येथें कोणी कोणाकडे धांवत नाहीं. मेजवानी आणि रांग यांची गांठ पडतच नाहीं. वाचवायला कोणी निघालेलाच नाहीं. सट्टेवाला अखेर आपल्याच कोठारांत धान्याखालीं गाडला जातो, आणि तेंहि रांगेंतल्यांना कळत नाहीं. शेवटीं एकटा शेतकरी पेरीत जातांना दिसतो. मीं नेहमींप्रमाणें फळ्याकडे वळलों, तों मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

'सर,' ती म्हणाली, 'या रांगेंतलाच एखादा माणूस दोन वर्षांनीं त्या स्टेशनांत शिरला असेल काय?'

वर्ग हंसला. मीहि हंसलों असेन. पण घरीं जातांना तो प्रश्न डोक्यांतून जाईना. रांगेंतल्या उपाशी माणसाला ग्रिफिथनें आपल्यासमोर उभें केलें, तेव्हां आपण त्याच्या बाजूचे होतों. तसलाच फाटका माणूस दाराच्या बाहेर उभा केला, आणि कॅमेरा आंत ठेवला, कीं आपण दाराला पाठ लावून उभे. भटक्याला काम कां नाहीं, तो कोठून आला, हें विचारायला तुकड्यांच्या त्या घाईंत जागाच ठेवलेली नाहीं. माझ्या आलेखांत हें कोठेंच आलें नव्हतें. तुकडे वाढत गेले हें खरें. पण वाढत्या तुकड्यांबरोबर बाहेरच्या माणसाला मिळणारा वेळ कमी होत गेला, हेंहि तितकेंच खरें होतें, आणि तें एका विद्यार्थिनीनें पाहिलें.

तेव्हांपासून मुलांच्या वहींतल्या चौकोनांत मी आणखी एक गोष्ट भरायला लावतों: या क्षणीं कॅमेरा दाराच्या कोणत्या बाजूला आहे? उत्तरें नेहमींच सोपीं येत नाहींत. १९१२ च्या अखेरचा 'द मस्केटियर्स ऑफ पिग ॲली' न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींतला. त्यांतला गुंड भिंतीच्या कडेनें हळूहळू पुढें सरकतो आणि त्याचा चेहरा सगळा पडदा व्यापतो. शेवटीं तोच गुंड एका गरीब जोडप्याच्या खोलींत आसरा घेतो, आणि तें जोडपें पोलिसापुढें त्याची बाजू घेतें. म्हणजे बाहेरचा माणूस आंत घेतां येतो, हें ग्रिफिथला ठाऊक होतें. त्याच्याच हातून तें झालें आहे.

म्हणूनच पुढचा भाग शिकवणें जड जातें. १९१३ सालीं त्यानें 'द बॅटल ॲट एल्डरबुश गल्च' हा दोन रिळांचा चित्रपट तयार केला. पुन्हां वेढलेलें घर, आंत तान्हें मूल, बाहेर अमेरिकेचे मूळ रहिवासी, आणि सोडवायला घोडदळ. ज्यांची ती भूमि, ते येथें दाराबाहेरचे झाले. आणि १९१५ सालीं आला तो 'द बर्थ ऑफ अ नेशन', जवळजवळ तीन तासांचा. शेवटचा प्रसंग आमच्या वर्गाला तोंडपाठ असतो, कारण तो 'लोनली व्हिला'च आहे: एका खोपटांत अडकलेले गोरे लोक, दार फोडणारे कृष्णवर्णीय सैनिक, आणि सुटकेला दौडत येणारे कू क्लक्स क्लॅनचे पांढऱ्या झग्यांतले स्वार. सैनिकांतले कित्येक तोंडाला काजळी फांसलेले गोरे नट होते. दार, टेलिफोनची तार, इंजिन यांवर सहा वर्षें घटवलेली सगळी भाषा येथें एका वंशाला राक्षस ठरवायला कामीं आली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्थेनें शहराशहरांतून निषेध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यांतील स्टोन माउंटनवर, बंद पडलेली क्लॅन पुन्हां उभी केली गेली.

हा चित्रपट दाखवूंच नये असें म्हणणारे माझे मित्र आहेत, आणि त्यांचा राग मला समजतो. मी तो सबंध दाखवीत नाहीं. शेवटचा प्रसंग दाखवितों, तोहि लहान चित्रपटांनंतर आणि संगीताशिवाय. ज्या विद्यार्थ्यानें पाना, काडतूस आणि पावाची रांग पाहिलेली असते, त्याचा श्वास त्या स्वारांबरोबर धांवत नाहीं. त्याला सांधे दिसतात. एका मुलानें मला सांगितलें कीं प्रसंग पाहतांना आपण नकळत स्वारांची वाट पाहत होतों, आणि तें ध्यानांत येतांच आपली आपल्याला लाज वाटली. हें त्यानें वर्गांत सांगितलें नाहीं. तास संपल्यावर, जिन्यांत सांगितलें.

आपल्या इकडचें काय, असें आपण विचाराल. आपल्याकडेहि लहान चित्रपट काढणारा दिग्दर्शक होऊन गेला. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं वाटाण्याच्या अंकुराची वाढ दाखवणारा एक छोटा चित्रपट केला होता. पुढें 'पिठाचे पंजे', 'आगकाड्यांची मौज', 'चित्रपट कसे तयार करतात' असे आणखी कितीतरी. हे एका ओळींत लावून पाहतां आले असते तर केवढा वर्ग झाला असता! पण आपल्याकडे कागदाच्या गुंडाळ्या कोणी मागितल्या नाहींत. अंकुराचा चित्रपट गेला, 'पिठाचे पंजे' गेले. मूकपटांच्या काळांत आपल्या देशांत सुमारें १३०० चित्रपट निघाले, आणि त्यांतले फारच थोडे आज पाहतां येतात. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, तेथें पी. के. नायर यांनीं फाळके यांच्या चित्रपटांचे जे अवशेष जमविले, त्यांवरच आमचा निभाव आहे. २००३ सालीं पुण्यांतच नायट्रेटच्या फितींच्या कोठारांना आग लागली, तीहि विसरतां येत नाहीं. 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जो भाग आपण पाहतों, तो १९१३ चा नसून १९१७ सालीं फाळके यांनीं पुन्हां काढलेल्या चित्रपटाचा आहे, असें संशोधक दाखवून देतात; तो मुद्दा सांगतांना मला पोर्टरच्या त्या अग्निशामकांची आठवण होते.

तरी वर्षाच्या शेवटच्या तासाला मी फाळकेच दाखवितों: १९१९ च्या 'कालिया मर्दन'चा आरंभ. हा लहान चित्रपट नव्हे, पण त्याचा आरंभ स्वतंत्र पाहण्याजोगा आहे. कथा अजून सुरू झालेली नाहीं. पडदाभर एका लहान मुलीचा चेहरा येतो. ती फाळके यांची मुलगी मंदाकिनी. ती हंसते, रागावते, रडवेली होते, पुन्हां हंसते. मग पाहतां पाहतां तोच चेहरा विरघळतो आणि त्याच जागीं मुकुट घातलेला कृष्ण दिसूं लागतो. मंदाकिनीच कृष्णाचें काम करणार आहे. येथें कॅमेरा जवळ गेला तो कांहीं लपवायला नव्हे आणि कांहीं उघड करायलाहि नव्हे. एक बाप आपली मुलगी प्रेक्षकांना दाखवतो आहे, आणि देव होण्यापूर्वीं ती कोण होती तें सांगतो आहे. मुलांच्या वहींत याला चौकोन सांपडत नाहीं. कॅमेरा कोणत्या बाजूला, असें मीं विचारलें तर गप्प होतात, आणि मग कोणीतरी म्हणतें, 'सर, पुन्हां लावा.'